आजीच्या नावाची स्कॉलरशिप: पैसे किती, यापेक्षा कधी?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली खोकलाखोकली आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय माझ्या घरातला आहे. घरातल्या माणसाच्या आठवणीत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी स्कॉलरशिप सुरू करायची असेल तर ती कशी करावी? आम्ही केली. पहिल्या खेपेला फसली. का फसली ते समजून घ्यायला आम्हाला वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हा भाग.

घरातल्या सिस्टर

माझी आजी एएनएम होती. सांगोला तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तिने नोकरीची बरीच वर्षं काढली. गावात तिला नावाने कोणी हाक मारत नसे, सगळ्यांची ती 'नर्सबाई'. लसीचा डबा खांद्याला अडकवून वाड्या-वस्त्यांवर चालत जायचं, रात्री-बेरात्री बाळंतपणाला उठायचं, आणि सकाळी पुन्हा रजिस्टर भरायला बसायचं. तिच्या दोन्ही मुली नर्स झाल्या. मावशी जीएनएम करून खासगी हॉस्पिटलात लागली आणि माझी आई सरकारी हॉस्पिटलात, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे 'सिव्हिल' म्हणतात तिथे.

आणि मी? मी बीटेक करून हिंजवडीत कोड लिहिते. घरातली पहिली मुलगी जिने पांढरा युनिफॉर्म घातला नाही. माझी इंजिनिअरिंगची फी आईच्या नाइट ड्युट्यांमधून गेली आहे, हे मला नीट माहीत आहे. त्यामुळे आजी गेली तेव्हा तिच्या नावाने काहीतरी करायचं म्हटल्यावर सगळ्यात जास्त घाई मलाच झाली होती.

मामांचं म्हणणं होतं की गावच्या देवळाच्या सभामंडपाला देणगी द्यावी, तिथे तिच्या नावाची पाटी लागेल. मी म्हटलं, "मामा, आजीने आयुष्यभर जे काम केलं ते शिकणाऱ्या एखाद्या मुलीला मदत करू या ना." आईने यावर काही म्हटलं नाही. तिने फक्त एक गोष्ट सांगितली, जी मला तोपर्यंत माहीत नव्हती. आजी शिकायला गेली तेव्हा तिला राहायला होस्टेल होतं आणि दर महिन्याला थोडं विद्यावेतन मिळायचं. घरून एक पैसा येणार नव्हता. ते विद्यावेतन नसतं तर आजी नर्स झाली नसती, आई झाली नसती, आणि माझं बीटेक तर लांबच राहिलं. मामांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग हेच करा."

पहिला प्रयत्न कसा फसला

आम्ही भावंडांनी पैसे गोळा केले, एका खासगी नर्सिंग कॉलेजशी बोललो, आणि जीएनएमच्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीची वर्षाची फी एकरकमी भरली. दिवाळीच्या सुमारास चेक दिला, पावती घेतली, ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. काम झालं.

मार्चमध्ये मी तिच्या मार्कांची चौकशी करायला फोन केला, तेव्हा कळलं की ती संक्रांतीला घरी गेली ती परत आलीच नाही. मेसचं तीन महिन्यांचं बिल थकलं होतं. वडील आजारी होते, घरून पैसे येत नव्हते. तिने कोणाला सांगितलं नाही. फी भरलेली होती, पण ताटात जेवण नव्हतं.

मी आईला हे सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, पण जे बोलली ते मला आजही टोचतं. "फीची पावती बरोबर मागितलीत. ती जेवते कुठे, हे कोणी विचारलं का?"

नाही विचारलं. आम्हाला वाटलं होतं की शिक्षणाचा खर्च म्हणजे फी. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर पैसे कमी पडले नव्हते, लेटन्सी मारून गेली. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना 'पिंग' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. नेट कितीही फास्ट असू दे, पिंग वाढला की तुमचा माणूस मेलाच. तसंच, मदत मोठी होती पण लागली तेव्हा आणि लागली तिथे पोचली नाही.

नर्सिंगच्या मुलांना पार्ट-टाइम काम का जमत नाही

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, कॉलेज करता करता काहीतरी काम करायचं ना. मीही शेवटच्या वर्षाला फ्रीलान्स वेबसाइट करून दिल्या होत्या. पण नर्सिंगचं शिक्षण वेगळं चालतं. आधी थोडक्यात मार्ग समजून घेऊ.

एएनएम दोन वर्षांचा कोर्स, गावपातळीवरच्या आरोग्यसेवेसाठी. जीएनएम तीन वर्षांचा, त्यानंतर स्टाफ नर्स. या दोन्हींना बारावी कुठल्याही शाखेची चालते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावी सायन्स, बायोलॉजीसकट लागते. महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगची पदवी बहुतेक ठिकाणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. जीएनएम केल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सीपर्यंत जाता येतं. कोर्स झाला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. ती झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांप्रमाणे परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत किमान ८० टक्के हजेरी लागते. आणि कोर्स पूर्ण व्हायच्या आधी प्रत्येक क्लिनिकल पोस्टिंगचे तास १०० टक्के भरावे लागतात. म्हणजे मेडिकल वॉर्ड, सर्जिकल, लेबर रूम, मुलांचा वॉर्ड, कम्युनिटी, मानसोपचार, सगळीकडे प्रत्यक्ष उभं राहून तास भरायचे. बुडाले तर नंतर भरून काढायचे. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, पुढे जाऊन नाइटसुद्धा. यात कॉफी शॉपमध्ये काम करायला वेळ कुठून आणणार?

याचाच दुसरा अर्थ असा की पैशाअभावी एखादी मुलगी महिना-दीड महिना घरी बसली, तर ती फक्त मागे पडत नाही. तिची हजेरी कोसळते, तास राहतात, आणि वर्ष जातं. इंजिनिअरिंगला मी दोन महिने लेक्चर बुडवून शेवटच्या आठवड्यात यूट्यूब बघून पास झाले होते. इंजेक्शन द्यायला यूट्यूबवरून शिकलेली नर्स तुम्हाला चालेल का? नाही ना. म्हणून नियम कडक आहेत, आणि ते बरोबरच आहेत. पण त्यामुळे नर्सिंगच्या विद्यार्थ्याला छोटी अडचणसुद्धा महाग पडते.

सरकारी सवलत असताना अडतं कुठे

महाराष्ट्रात मुलींसाठी फी माफ झाली आहे असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण अटी वाचा. २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातली सीट यात येत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्ती योजना आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.

म्हणून पहिली मदत पैशाची नसतेच. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधारला जोडलेलं बँक खातं, अर्जाची शेवटची तारीख, यांची मदत असते. आम्ही जी फी खिशातून भरली, तसल्या फीचा बराच भाग कित्येक मुलींना सरकारकडून मिळू शकतो. तुमच्याकडे लॅपटॉप, नेट आणि एक शनिवार असेल तर तुम्ही आत्ताच एखादीचा फॉर्म भरून देऊ शकता. हे आम्हाला नंतर सुचलं.

आता फी सोडून काय उरतं ते बघा. ही यादी आई आणि मावशीने स्वयंपाकघरात बसून सांगितली आणि मी फोनवर टाइप केली:

– होस्टेल आणि मेस. दर महिन्याला, न चुकता.
– युनिफॉर्मचे किमान दोन-तीन जोड, पांढरे बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ. नाडी मोजायला ते लागतंच.
– जर्नल, प्रॅक्टिकल फाइल, चार्ट, झेरॉक्स. मावशी म्हणते, "झेरॉक्सवाल्याने आमच्यावर घर बांधलं."
– कम्युनिटी पोस्टिंगचा रोजचा प्रवास.
– मानसोपचाराचं पोस्टिंग. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. कॉलेज लांब असेल तर तिथे जाऊन राहायचा खर्च.
– शेवटी नोंदणीची फी, आणि कोर्स संपल्यापासून पहिला पगार हातात येईपर्यंतचे रिकामे महिने.

यातली कुठलीच रक्कम लाखांत नाही. म्हणून देणाऱ्यांचं तिकडे लक्ष जात नाही. पण मुलगी घरी परतते ती या बारक्या खर्चांपायी.

हे १८६० मध्येच कळलेलं होतं

हे सगळं मला नवीन वाटत होतं. मग थोडं वाचलं आणि लाज वाटली.

फ्लोरेन्स नाइटिंगेल आपल्याला माहीत असते ती हातात दिवा घेतलेली. १२ मे हा तिचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन. पण निधीची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. क्रिमियन युद्ध चालू असताना, १८५५ मध्ये, लंडनमध्ये लोकांनी तिच्या सन्मानासाठी निधी उभा केला. सैनिकांनीही आपल्या पगारातून पैसे दिले. सुमारे ४५ हजार पौंड जमले. त्या पैशातून तिचा पुतळा उभारला नाही. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची शाळा सुरू झाली.

आणि त्या निधीतून विद्यार्थिनींना काय मिळायचं? राहायला जागा, जेवण, चहा-साखर, कपडे धुवायची सोय, वरचा युनिफॉर्म, आणि वर्षाला १० पौंड हातखर्च. चहा-साखरेपर्यंत विचार केला होता! मी ते वाचलं आणि मला आमचा तो चेकचा फोटो आठवला.

आपल्याकडचं उदाहरण रमाबाई रानडे यांचं. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू झालं. नर्सिंग हे चांगल्या घरातल्या बायकांचं काम नाही असं मानायचे तो काळ. त्या काळात सेवासदनाने बायकांना, त्यात विधवाही होत्या, ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. आणि शिकणाऱ्यांच्या राहण्याची सोय केली. नुसतं 'शिका' म्हणून भागणार नव्हतं, संध्याकाळी परतायला सुरक्षित जागा लागणार होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आजीला मिळालेलं होस्टेल आणि विद्यावेतन याच रांगेतलं. तिच्या नावाने द्यायचं तर तिला जे मिळालं होतं तेच पुढे द्यायला हवं होतं.

आमचं व्हर्जन दोन

मग आम्ही सगळं मोडून पुन्हा बांधलं. नियम साधे आहेत.

एक, पैसे दर महिन्याच्या १ तारखेला थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. ऑटो-पे लावून टाकलंय, कोणाच्या आठवणीवर सोडलेलं नाही.

दोन, पैसे कशावर खर्च केले याची पावती मागायची नाही. मेस, बस की घरी आईचं औषध, ते तिला ठरवू दे.

तीन, महिन्यातून एकदा माझी आई फोन करते. मार्क विचारत नाही. "पोस्टिंग कुठे आहे? झोप होते का? जेवलीस का?" एवढंच. अडचण असेल तर ती या फोनवर बाहेर येते. सिनिअर सिस्टरला सांगायला मुलींना कमी संकोच वाटतो. मी फोन केला तर त्या फक्त "हो ताई, सगळं ठीक आहे" म्हणतात.

चार, निवड टॉपरची करायची नाही. सगळ्यात जास्त मार्कवाल्याला बऱ्याचदा आणखी कोणीतरी देतंच. आम्ही कॉलेजच्या मॅडमना विचारतो, "कोण गळेल अशी तुम्हाला भीती वाटते?" मुलगा असला तरी चालेल. वॉर्डात ब्रदरही तितकेच लागतात. सध्याच्या दोघांमधला एक ब्रदरच आहे.

पाच, बाँड नाही. शिकल्यावर अमुक गावातच नोकरी कर, अमुक वर्षं कर, असं काही नाही. सहा, चेक देतानाचा फोटो नाही. आजी बाळंतपण करून आल्यावर कोणाचं घर कसं आहे हे कधी बाहेर बोलली नाही. निदान तेवढं तरी आपल्याला जमावं.

एखाद्या विषयात नापास झाले तर? मदत बंद होत नाही, फोन वाढतात.

हिशोब

आता आकडे, कारण उत्साहात इथेच घोटाळा होतो. आम्ही नऊ जण आहोत, प्रत्येकी महिना १,००० रुपये. वर्षाचे १,०८,००० झाले. दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी महिना ३,५०० म्हणजे वर्षाला ८४,०००. उरले २४,०००. ही 'अडीअडचणीची डबी'. मानसोपचाराच्या पोस्टिंगचा खर्च, आजारपण, नोंदणीची फी यातून.

माझा पहिला विचार होता, दरवर्षी एक नवीन विद्यार्थी घेऊ. गणित करा. जीएनएम तीन वर्षांचा. तिसऱ्या वर्षी एका वेळी तीन जण होतात, म्हणजे वर्षाला १,२६,०००. आपल्याकडे येतात १,०८,०००. म्हणजे तिसऱ्या वर्षी कोणालातरी मध्येच सोडावं लागलं असतं. म्हणून आम्ही दोघांनाच घेतलं आणि ते पूर्ण होईपर्यंत तिसरा नाही. एका विद्यार्थ्याला हो म्हणणं म्हणजे तीन वर्षांचे १,२६,००० कबूल करणं. ते आधी कागदावर लिहा.

दुसरा मार्ग ठेवीचा. मूळ रक्कम तशीच ठेवायची आणि व्याजातून द्यायचं. समजा ७ टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ४२,००० मिळायला ६ लाखांची ठेव लागते. म्हणजे एका वेळी एक विद्यार्थी. यात कोणाची नोकरी गेली तरी स्कॉलरशिप चालू राहते. पण मेसचं बिल दरवर्षी वाढतं, व्याज तेवढंच राहतं. त्यामुळे थोडं व्याज पुन्हा मुळात घालावं लागतं. आमच्याकडे ६ लाख नव्हते, महिन्याला हजार होते. तुमच्याकडे जे असेल त्याप्रमाणे ठरवा.

कागदपत्रांचं विचाराल तर घरातल्या घरात एवढं करायला ट्रस्ट लागत नाही. बाहेरच्यांकडून देणग्या घ्यायच्या असतील तर मात्र रीतसर ट्रस्ट हवा. महाराष्ट्रात त्याची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. टॅक्सचंही आधीच माहीत असू द्या. थेट विद्यार्थ्याला दिलेल्या पैशावर सवलत नाही. मान्यताप्राप्त ट्रस्टला दिलेल्या देणगीवर '८०जी' नावाने ओळखली जाणारी सवलत असते, पण तुम्ही नव्या टॅक्स पद्धतीत असाल तर तीही मिळत नाही. आम्ही नऊ जणांनी हे समजून घेऊन मगच हो म्हटलं.

ती मुलगी

पहिली मुलगी परत आली का, असं तुम्ही विचाराल. नाही. आईने तिचा नंबर मिळवला, दोनदा बोलली. तिच्या गावाजवळ एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर ती काम करते. पुन्हा ॲडमिशन घ्यायची असेल तर आमच्याकडे तिची जागा राखलेली आहे, असं आईने तिला सांगून ठेवलंय. "बघते मॅडम," म्हणाली. आम्ही वाट बघतोय.

आत्ताच्या दोघांपैकी एक जण यंदा शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिने आईला रात्री साडेअकराला फोन केला होता. पैशासाठी नाही. वॉर्डात पहिल्यांदा पेशंट गेला होता आणि तिला रडू आवरत नव्हतं. आई तासभर बोलत होती. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर होते, सगळं ऐकू येत होतं. मला तेव्हा कळलं की आमच्या घरातलं नर्सिंग माझ्यापाशी थांबलेलं नाही.

तुमच्या घरात कोणी नर्स असेल, आई, आत्या, मावशी, वहिनी, तर आज त्यांना एक फोन करा आणि एवढंच विचारा: "शिकताना तुझं काय अडलं होतं?" उत्तर फी असेलच असं नाही. जे असेल तिथून सुरुवात करा. आणि मला कळवा, पुढच्या एखाद्या भागात तुमची उत्तरं वाचून दाखवेन.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि वॉर्डात सिस्टरशी नीट बोला.